मोडी लेखन

मोडी लेखन : मराठी भाषा शीघ्र गतीने लिहिण्यासाठी यादवकाळाच्या सुमारापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात असलेली, अक्षरे परस्परांना जोडून व लेखणी शक्य तितकी कमी वेळा उचलून लिहिण्याची पद्धती. मुद्रणात व धर्मग्रंथांत वापरल्या जाणाऱ्या देवनागरी वळणास मराठीत ‘बाळबोध’ म्हणतात, तर दप्तर, पत्रव्यवहार, हिशेब व दस्तऐवज यांच्या लेखनास ‘मोडी’ म्हणतात. या दोन लिप्यांची वर्णमाला मूलतः एकच आहे. त्यांच्यातील भेद अक्षरे घडविण्याच्या व मुख्यतः ती जोडण्याच्या रीतीत आहे. मोडीचे शिक्षण म्हणजे प्राधान्याने अक्षरजोडणीचे शिक्षण होय. लेखनातील वेग जोडणीमुळे येतो आणि वाचनातील अडचणीही तिच्यामुळेच उद्‌भवतात. महाराष्ट्रातील व महाराष्ट्राबाहेरील दप्तरखान्यांत मोडी कागदपत्रांचा प्रचंड संग्रह आहे. तो वाचू शकणाऱ्या व्यक्ती मात्र मोजक्याच असल्यामुळे या विषयास केवळ लिपिशास्त्रीय नव्हे, तर व्यावहारिक महत्त्वही आहे.

व्युत्पत्ती व उत्पत्ती : ‘मोडी’ या शब्दाची व्युत्पत्ती सामान्यतः ‘मोडणे’ या क्रियापदापासून सांगण्यात येते. बाळबोध अक्षरांचे कोन व सरळ रेषा मोडून त्यांना गोलाई देणारी ती मोडी, असे हे स्पष्टीकरण आहे. वि. का. राजवाडे यांनी तिचा संबंध फार्सीतील ‘शिकस्ता’ या शीघ्र वळणाशी जोडला. शिकस्ता या शब्दाचा अर्थही ‘मोडलेली’ असाच आहे. ‘मौर्यी’ या शब्दापासून ‘मोडी’ हे रूप बनले, असेही एक मत मांडण्यात आले आहे.

देवगिरीच्या यादव घराण्यातील महादेव (कार. १२६१–७१) व रामचंद्र (कार. १२७१–१३११) यांचा श्रीकरणाधिप हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याने ही लिपी लंकेहून आणली, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. लंकेचा उल्लेख ऐतिहासिक मानता येत नाही. तथापि राज्यकारभाराचे लेखन ज्याच्या देखरेखीखाली होते, त्या अधिकाऱ्याशी लोकस्मृतीने या लिपीचे नाते जोडावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. शीघ्र लिपीची गरज प्रथम दप्तरात निर्माण होते. एखादी व्यक्ती ती एकाएकी निर्माण करीत नाही. रोज मोठ्या प्रमाणावर लिहिणाऱ्या अनेक हातांनी नागरी अक्षरांत हळूहळू केलेल्या बदलांतून ती सिद्ध होते. छत्रपती शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांनी मोडीस सुबक वळण दिले, अशी परंपरा आहे. उपलब्ध मोडी लेखांपैकी सर्वांत जुना लेख इ. स. १३८९ मधील मानला जातो.

बाळबोध व मोडी यांतील रचनाभेद : बाळबोध अक्षर लिहिताना लेखणी अनेकदा उचलावी लागते. उदा., ‘प’ हे अक्षर लिहिताना डावीकडील वळण काढल्यानंतर लेखणी पुन्हा वर नेऊन उभी रेघ खाली ओढावी लागते व शेवटी शिरोरेषा द्यावी लागते. उभी रेघ अक्षराच्या पायथ्याशी संपते, पण पुढील अक्षराचा प्रारंभ माथ्याशी होतो. त्यामुळे प्रत्येक अक्षरानंतर हाताला कागदावर काही न उमटविता खालून वर जावे लागते. काही शब्दांपुरता हा श्रम जाणवत नाही. दिवसभर खलिते व कीर्द लिहिणाऱ्या कारकुनाच्या बाबतीत मात्र हा व्यर्थ प्रवास मोठा होतो.

नागरी वळणाच्या लिप्यांना वेग देण्याचे दोन मार्ग भारतात अवलंबिले गेले. गुजरातीने शिरोरेषाच वगळली व उत्तर भारतातील कैथी लिपीच्या लेखनातही ती बहुधा गाळली गेली. मोडीने शिरोरेषा कायम ठेवली, पण ती अक्षरागणिक न देता संपूर्ण ओळीसाठी एकदाच, तीही अक्षरे लिहिण्यापूर्वी, ओढण्याची रीत स्वीकारली. कागदावर प्रथम आडव्या रेषा आखून घ्यावयाच्या व नंतर त्यांना लटकविल्याप्रमाणे अक्षरे लिहीत जावयाचे, असा हा क्रम आहे. त्यामुळे शिरोरेषेचे निराळे काम उरले नाही आणि ओळ सरळ राहण्याचीही सोय झाली.

दुसरा बदल अधिक मूलगामी आहे. मोडीत पुष्कळ अक्षरांची अखेर पायथ्याशी न होता लेखणी पुन्हा शिरोरेषेकडे परतते. बाळबोधीतील काना वरून खाली येतो, तर मोडीतील काना खालून वर जातो. अक्षर संपते त्या ठिकाणीच पुढील अक्षराचा आरंभबिंदू सापडतो. जो प्रवास बाळबोधीत हवेतून होत होता, तोच मोडीत कागदावर उमटू लागला व त्यालाच अक्षराच्या अवयवाचे रूप आले. मोडी अक्षरांतील गाठी व फास यांचे कारणही हेच आहे. एका रेषेवरून दुसरीकडे वळताना हात न उचलल्यास तेथे सहजच फास पडतो.

जोडणीचे प्रमुख विशेष : (१) मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही. इकारासाठी एकच वेलांटी व उकारासाठी एकच चिन्ह वापरतात. ‘दिन’ व ‘दीन’ हे शब्द मोडीत एकसारखेच दिसतात आणि अर्थनिश्चिती संदर्भावरून करावी लागते. (२) काना, वेलांटी किंवा उकार जोडताना काही व्यंजने आपले मूळ रूप बदलतात. म्हणून मोडीची बाराखडी बाळबोधीप्रमाणे नियमाने तयार करता येत नाही. ती स्वतंत्रपणे गिरवून आत्मसात करावी लागते. (३) ‘र’ हे अक्षर सर्वाधिक रूपे धारण करते. ‘कर’, ‘तर’, ‘सर’ यांसारख्या जोड्यांत ते आधीच्या अक्षरात मिसळून दोहोंची मिळून एकच आकृती तयार होते. (४) बाळबोधीत जोडाक्षरातील पहिले व्यंजन अर्धे लिहितात. मोडीत पुष्कळदा ते पूर्ण लिहून दुसरे व्यंजन त्याला लगटून लिहिले जाते. (५) दोन शब्दांत जागा सोडली जात नाही व विरामचिन्हे वापरली जात नाहीत. शिरोरेषा अखंड असल्याने शब्द कोठे तुटतो, हे वाचकानेच ठरवावयाचे असते. (६) अनुस्वारासाठी लेखणी उचलणे भाग असते. त्यामुळे घाईच्या लेखनात तो अनेकदा गळतो.

जोडणीला शब्दसंक्षेपाची साथ असते. ‘राजश्री’, ‘पैकी’, ‘परगणे’ यांसारखे वारंवार येणारे शब्द आद्याक्षर व संक्षेपदर्शक रेघा यांनी दर्शविले जातात. हिजरी महिन्याचा चांद्र दिवस सांगताना ‘छ’ हे अक्षर अंकापूर्वी येते. सुहूर सनाची वर्षे अंकांऐवजी अरबी संख्यावाचक शब्दांनी, उदा., इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, अशी लिहिली जातात. पत्राच्या अखेरीस येणारी ‘मोर्तब सूद’ व ‘लेखनसीमा’ ही पदे मजकूर तेथे संपल्याची निशाणी असतात. अशी ठराविक पदे लिहिताना कारकुनाचा हात सर्वाधिक वेगाने चालतो आणि साहजिकच तेथे अक्षरे सर्वाधिक मोडतात. नवशिक्या वाचकास ती जागा दुर्बोध वाटते. उलट सरावलेल्या वाचकास तीच ओळखीची खूण ठरते.

लेखनसाहित्य : मोडीचे पारंपरिक साधन म्हणजे बरूची लेखणी अर्थात बोरू. बरूचा तुकडा चाकूने तासून त्याचे टोक तिरपे छाटीत व मध्ये चीर देत. टोकाच्या रुंदीवर अक्षराची जाडी अवलंबून असे. उभ्या, आडव्या व तिरप्या रेषांत आपोआप जाड-बारीकपणा येई व त्यामुळे एकमेकांत गुंतलेली अक्षरेही डोळ्यांना वेगळी दिसत. ओली शाई टिपण्यासाठी कागदावर बारीक वाळू टाकण्याची पद्धत होती. जुन्नर व दौलताबाद येथील हातकागद विशेष प्रसिद्ध होते.

इंग्रजी अमदानीत बोरूची जागा धातूच्या टाकाने घेतली. टाकाची रेघ बारीक व जवळजवळ एकसारखी असल्याने जाड-बारीक भेदामुळे होणारी मदत कमी झाली. त्याच काळात कचेऱ्यांतील लेखनाचे प्रमाणही वाढले. परिणामी काळाने अधिक जवळचे असलेले आंग्लकालीन मोडी कागद पेशवेकालीन कागदांपेक्षा वाचण्यास बहुधा अधिक कठीण जातात. कागद जितका जुना तितका दुर्बोध, ही सर्वसामान्य समजूत मोडीच्या बाबतीत खरी ठरत नाही.

कालखंड व वळणे : मोडीचे आद्यकालीन, यादवकालीन, बहमनीकालीन, शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन असे कालखंड पाडण्यात येतात. पेशवेकाळात हुजूर दप्तरातील लेखनाला विशेष शिस्त आली. या काळातील अक्षर घोटीव, वळणदार व अंतर राखून लिहिलेले आढळते. चिटणिशी, बिवलकरी, महादेवपंती व रानडी ही त्या काळातील वळणे नावाजलेली होती. त्यांची नावे लेखकांच्या हुद्द्यांवरून किंवा घराण्यांवरून पडलेली दिसतात. एका दप्तरात तयार झालेल्या कारकुनांचे हात एकाच वळणाचे असल्यामुळे, अक्षराच्या वळणावरून कागदाचा काळ व पुष्कळदा त्याचे मूळ दप्तर यांविषयी तर्क करता येतो. बनावट सनदा उघडकीस आणण्याच्या कामीही या ज्ञानाचा उपयोग होतो.

मोडीचा प्रसार मराठी सत्तेबरोबर दूरवर झाला. तंजावर येथील मराठा राज्याचे (१६७६–१८५५) मोडी कागद तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. पूर्वेकडे नागपूरकर भोसल्यांच्या अंमलात, म्हणजे आजच्या भंडारा जिल्ह्यासह सर्व पूर्व विदर्भात, महसुलाचा व पत्रव्यवहाराचा कारभार मोडीतूनच चाले. १८५३ मध्ये तिसरा रघूजी निपुत्रिक वारल्यानंतर हे राज्य खालसा झाले. परंतु जुन्या कारकुनांचा हात व त्याबरोबर मोडीचा वापर पुढेही चालू राहिला.

पारंपरिक शिक्षण : पंतोजींच्या शाळेत मुलगा प्रथम धूळपाटीवर अक्षरे गिरवी. धूळपाटीवर काढलेले अक्षर पुसून तेच पुनःपुन्हा काढता येत असल्याने हाताला वळण लागण्यास ती उपयुक्त असे. यानंतर कित्त्यावरून लिहिण्याचा सराव होई. ‘कित्ता गिरविणे’ हा अनुकरणाच्या अर्थाने रूढ झालेला वाक्‌प्रचार या शिक्षणातूनच मराठीत आला. कारकुनी पेशाकडे जाणाऱ्या मुलांना मोडी वाचन-लेखनाबरोबरच पावकी, निमकी, दीडकी यांसारखे अपूर्णांकांचे पाढे व हिशेब शिकवीत. पुढे एखाद्या दप्तरात उमेदवारी करताना मायने, संक्षेप व लिहिण्याचा वेग यांचे शिक्षण प्रत्यक्ष कामातून मिळे.

बाळबोधीच्या शिक्षणाचा आदर्श याहून भिन्न होता. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील ‘लेखनक्रियानिरूपण’ या पहिल्या समासात लेखनाविषयी तपशीलवार मार्गदर्शन केले आहे. अक्षरे वाटोळी व सुटी असावीत, ग्रंथाच्या आरंभापासून अखेरपर्यंत त्यांचे वळण एकच राहावे, ओळींची मांडणी नेटकी असावी, यांवर त्यात भर आहे. हा उपदेश ग्रंथलेखनासाठी आहे व त्यात वाचकाची सोय प्रधान आहे. मोडीत लेखकाची सोय प्रधान होती, कारण मोडी कागदाचा वाचकही बहुधा त्याच पेशातील व त्याच वळणात तयार झालेला असे. पुढे असा वाचकवर्ग नाहीसा झाला तेव्हा मोडीची वाचनीयताही संपुष्टात आली.

अक्षरजोडणीचा अध्ययनक्रम : मोडी शिकणाऱ्यास पुढील क्रम सोयीचा ठरतो. प्रथम शिरोरेषा आखून तिच्याखाली मुळाक्षरे गिरवावीत. या अवस्थेत अक्षराच्या आकृतीपेक्षा लेखणीच्या मार्गाकडे, म्हणजे प्रारंभ कोठे, वळण कोणत्या दिशेने व अखेर कोठे, याकडे लक्ष देणे आवश्यक असते. बाळबोधीत आकृती साधली म्हणजे अक्षर साधले. मोडीत मार्ग चुकला तर आकृती बरोबर येऊनही ती पुढील अक्षराला जोडता येत नाही.

दुसऱ्या टप्प्यात कान्याची बाराखडी घ्यावी. खालून वर जाणारा काना हा जोडणीचा मूळ धडा होय. तो साधल्यावर दोन-तीन अक्षरी, काना-मात्रा नसलेले शब्द घ्यावेत. ‘घर’, ‘वर’, ‘नगर’ यांसारख्या शब्दांतून ‘र’ ची रूपे परिचित होतात. तिसऱ्या टप्प्यात व्यक्तिनामे व ग्रामनामे लिहावीत. नावांचा अंदाज संदर्भावरून करता येत नाही. प्रत्येक अक्षर नीट ओळखावेच लागत असल्यामुळे त्यांच्या सरावाने डोळ्यांना शिस्त लागते. चौथ्या टप्प्यात ‘मौजे मजकूर’, ‘सदरहू’, ‘बितपशील’ यांसारखी दप्तरी पदे त्यांच्या अर्थासह शिकावीत. फार्सी-अरबीमिश्रित जुन्या मराठी शब्दसंग्रहाची ओळख नसेल, तर अक्षरे कळूनही शब्द कळत नाहीत.

यानंतरच मूळ कागद हाती घ्यावा. त्याचे बाळबोधीत लिप्यंतर करताना ओळीस ओळ राखावी, न लागलेल्या अक्षरांच्या जागी टिंबे द्यावीत व तर्काने भरलेली अक्षरे कंसात दाखवावीत, असा शिस्तीचा संकेत आहे. एका लेखकाचे काही कागद वाचून झाले, की त्याच्या हाताच्या सवयी लक्षात येतात व आधी सोडलेल्या जागा उलगडू लागतात.

केवळ तक्त्यातील अक्षरे पाठ करून मोडी वाचू पाहणाऱ्यांचा बहुधा अपेक्षाभंग होतो. तक्त्यात अक्षर एकटे असते, तर कागदावर ते शेजाऱ्यांनुसार बदललेले असते. जोडलेल्या लेखनाचे वाचन म्हणजे लिहिणाऱ्याच्या हाताच्या हालचालीचा माग काढणे होय. ती हालचाल स्वतःच्या हाताने केलेली असल्यास हा माग लवकर लागतो. म्हणूनच मोडी केवळ वाचावयाची असली, तरी ती लिहावयास शिकणे इष्ट ठरते.

अन्य लिप्यांशी तुलना : यूरोपात पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या नीक्कोलो नीक्कोली (सु. १३६४–१४३७) याच्या हस्ताक्षरातून इटालिक हे तिरके, जोडीव रोमन वळण विकसित झाले. त्याची प्रेरणाही मोडीप्रमाणेच सुबकपणा राखून वेग साधण्याची होती. इटालिकमध्ये अक्षराच्या पायथ्यापासून पुढील अक्षराच्या माथ्याकडे जाणारी तिरपी रेघ हा जोडणीचा मुख्य प्रकार असून माथ्याजवळील आडवी रेघ हा दुसरा होय. जी अक्षरे सहज जोडली जात नाहीत ती सुटी ठेवण्याची त्यात मुभा असते. रोमन लिपीत शब्द सुटे लिहिले जात असल्याने प्रत्येक शब्दाअखेरीस हाताला विसावा मिळतो. मोडीतील ओळ शब्दापाशी थांबत नाही. हा फरक सोडल्यास दोन्हीकडील मूळ प्रश्न एकच आहे : पायथ्याशी संपलेल्या लेखणीने माथ्याशी कसे जावे? इटालिकने त्यासाठी दोन अक्षरांमध्ये जोडरेघ घातली, तर मोडीने अक्षराचीच घडण बदलली. त्यामुळे इटालिकचे अक्षर जोडणीनंतरही बहुतांशी ओळखू येते, तर मोडीचे अक्षर जोडणीतच आपले रूप घेते.

मुद्रण व मोडी : जोडलेल्या लेखनाला सुट्या खिळ्यांचे मुद्रण मूलतः प्रतिकूल असते. इटालिक हस्ताक्षर शिकविणारी लूदोव्हीको आर्रीगी याची ला ओपेरिना ही पुस्तिका १५२२ या वर्षाचा निर्देश धारण करते. ती खिळ्यांनी न छापता लाकडी ठशांवरून छापण्यात आली, कारण जोडरेघा खिळ्यांनी दाखविता येत नव्हत्या. मोडीसंबंधीचा अनुभवही असाच आहे. श्रीरामपूर येथील मिशनच्या छापखान्यात मोडीचे खिळे तयार झाले व विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० मध्ये त्या खिळ्यांनी छापला गेला. तथापि एका अक्षराच्या अनेक रूपांसाठी अनेक खिळे पाडणे खर्चाचे होते आणि एकच खिळा वापरल्यास मोडीचे मोडीपण उरत नव्हते. पुढे मराठी मुद्रणाने बाळबोधच स्वीकारली. मोल्सवर्थचा १८३१ मधील प्रसिद्ध कोश बाळबोधीत आहे. मोडी वाचनाची शालेय पुस्तके मात्र शिळाछापावर निघत राहिली, कारण त्या पद्धतीत हाताने लिहिलेले अक्षर जसेच्या तसे उमटविता येई.

ऱ्हास : छापील बाळबोधीच्या प्रसाराबरोबर मोडी हस्तलेखनापुरती मर्यादित झाली. १९१७ मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी कामकाजासाठी मोडीऐवजी बाळबोध वापरण्याचा निर्णय झाला. त्यानंतरही काही दशके ती शाळांतून शिकविली जात होती व वडीलधारी मंडळी खाजगी पत्रांत व हिशेबांत तिचा वापर करीत. विसाव्या शतकाच्या मध्यास ती शालेय शिक्षणातून बाहेर पडली. टंकलेखन यंत्राच्या प्रसारामुळे शीघ्र हस्तलेखनाची निकडही कमी झाली. मोडी मागे पडल्यानंतर मराठीत जोडून लिहिण्याचे कोणतेही शिकविले जाणारे वळण उरले नाही. आज घाईने बाळबोध लिहिणारे शिरोरेषा गाळतात व अक्षरे आपापल्या सवयीने जोडतात. प्रत्येकाची जोडणी निराळी असते व तिला समान संकेत नसतो.

वाचनाची निकड : १८१८ नंतर इंग्रजांच्या ताब्यात आलेले पेशव्यांचे दप्तर पुणे येथील पुराभिलेखागारात हजारो रुमालांत बांधलेले आहे. गो. स. सरदेसाई यांनी त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात संपादित केले. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. १९१० मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने हे कार्य पुढे नेले. असे असले तरी प्रकाशित कागदांचे प्रमाण एकूण संग्रहाच्या मानाने अल्प आहे. मुंबई, कोल्हापूर व नागपूर येथील शासकीय संग्रह, देवस्थानांची दप्तरे आणि घरोघरीचे जुने दस्त यांचा विचार करता न वाचलेल्या मजकुराची व्याप्ती लक्षात येते.

या मजकुराचा संबंध केवळ राजकीय इतिहासाशी नाही. जमिनीचे खरेदीखत, वाटणीपत्र, वतनाचा महजर, पाण्याच्या पाळीचा निवाडा, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी असे अनेक कागद मोडीत आहेत व त्यांवर आजही हक्क अवलंबून असतात. २०२३ मध्ये मराठवाड्यातील मराठा-कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा जुन्या मोडी व उर्दू नोंदी वाचू शकणाऱ्यांची गरज ठळकपणे पुढे आली. ज्या नोंदी शंभर वर्षांपूर्वी तालुक्याच्या कचेरीतील कोणताही कारकून वाचू शकत होता, त्यांच्यासाठी आता तज्ज्ञ शोधावे लागतात.

वाचनातील लहानशा चुकीचे परिणाम मोठे होऊ शकतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेल्या नारायणराव पेशव्याच्या खुनाविषयी अशी आख्यायिका आहे, की रघुनाथरावाच्या पत्रातील ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ असे रूपांतर करण्यात आले. तिची सत्यता वादग्रस्त आहे. परंतु तीतून रूढ झालेला ‘ध चा मा करणे’ हा वाक्‌प्रचार एका अक्षराने अर्थ कसा पालटतो, याची मराठी समाजाला असलेली जाणीव व्यक्त करतो. दस्तऐवजातील सर्व्हे, हद्द किंवा वारसाचे नाव चुकीचे वाचले गेल्यास हेतू नसतानाही असेच घडू शकते.

अलीकडील प्रयत्न : महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेख संचालनालय, भारत इतिहास संशोधक मंडळ व अन्य संस्था मोडीचे प्रशिक्षणवर्ग चालवितात. २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्वतंत्र स्थान मिळाले व त्यामुळे संगणकावर मोडी मजकूर साठविणे शक्य झाले. तथापि संगणकावरील अक्षरेही सुट्या चिन्हांच्या रूपात साठविली जातात. जोडणीची विविधता टंकाच्या घडणीवर अवलंबून राहत असल्याने, खिळ्यांच्या काळातील अडचण वेगळ्या रूपाने पुन्हा उभी राहते. हस्तलिखित मोडीचे यंत्राद्वारे बाळबोधीत लिप्यंतर करण्याचे संशोधनही चालू आहे. अशा यंत्रप्रणालींना शिकविण्यासाठी मूळ कागदाचे चित्र व त्याचे अचूक लिप्यंतर अशा जोड्या मोठ्या संख्येने लागतात, व ते लिप्यंतर मोडी जाणणाऱ्या व्यक्तीनेच करावे लागते. यंत्राने दिलेला पाठ तपासण्याचे कामही तिचेच असते.

मोडीचे पुनरुज्जीवन करून ती पुन्हा नित्याच्या लेखनात आणावी, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. ज्या गरजेतून ती निर्माण झाली, ती गरज अन्य साधनांनी भागविली आहे. तिच्या साह्याने लिहिला गेलेला मजकूर मात्र कशानेही भरून काढता येण्यासारखा नाही. कागद व शाई जीर्ण होत असताना तो वाचू शकणारे हात टिकविणे, एवढाच मोडी शिक्षणाचा आजचा हेतू आहे. शिरोरेषेखाली पहिला काना खालून वर नेण्याच्या धड्यापासून त्याचा प्रारंभ होतो.